लिव्हरपूलच्या गोद्या, वऱ्हाडातला कापूस आणि बाबा

लिव्हरपूलला जातोय म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात, बीटल्स का फुटबॉल. आमचं कारण तिसरंच होतं. बाबांची उभी हयात अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात गेली, आधी काट्यावर आणि मग हिशेबात, आणि तिथल्या जुन्या लोकांकडून त्यांनी तरुणपणी ऐकलेलं की एकेकाळी आपल्या कापसाचा भाव लिव्हरपूलहून तारेने यायचा. ते नाव त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसलेलं. दादा मँचेस्टरला असतो, आई नातवाला सोडून कुठे हलायला तयार नव्हती, मग मी आणि बाबा दोघंच निघालो, बाबांच्या पिशवीत दशम्या आणि तिळाची चटणी, माझ्या फोनमध्ये बघायच्या जागांची यादी. सप्टेंबर होता, पाऊस कमी पण वारा असा की बाबांनी कानटोपी सकाळी घातली ती रात्रीच काढली.

शुक्रवार

मँचेस्टर ते लिव्हरपूल ट्रेनने तासाभराचा रस्ता. पण हा साधासुधा रूट नाही, १५ सप्टेंबर १८३० ला सुरू झालेली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे म्हणजे दोन मोठ्या शहरांमध्ये टाइमटेबलने धावणारी, वाफेच्या इंजिनांवरची पहिली रेल्वे, आणि ती काढण्यामागचं मुख्य कारण कापूस. बंदरात उतरलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत लवकर पोचत नव्हता, कालव्यावाले मनमानी दर लावायचे, म्हणून व्यापाऱ्यांनीच रेल्वे काढली. माल थेट गोदीजवळ यावा म्हणून शहराच्या पोटातून २ किलोमीटरचा वॅपिंग बोगदा खणला. बाबांना हे सांगितल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे रेल्वे माणसांसाठी नाई, गाठीसाठी होती. आपल्याकडं बी तसंच." आणि ते खरंच आहे, मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली आणि १८७० ला खामगावला वेगळा फाटा काढला तो कापसासाठीच, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते.

हॉटेलवर सामान टाकून संध्याकाळी पिअर हेडला, म्हणजे नदीकाठच्या धक्क्यावर गेलो. मर्सी नदीकडे तोंड करून तीन बलदंड इमारती ओळीने उभ्या आहेत, पोर्ट ऑफ लिव्हरपूल बिल्डिंग (१९०७), रॉयल लिव्हर बिल्डिंग (१९११) आणि मधली क्युनार्ड बिल्डिंग, तिघींना मिळून थ्री ग्रेसेस म्हणतात. लिव्हर बिल्डिंगवरच्या घड्याळाच्या तबकड्या २५ फुटी, बिग बेनपेक्षा मोठ्या, म्हणजे नदीतल्या बोटीतूनही वेळ दिसावी. वर तांब्याचे दोन पक्षी, प्रत्येकी १८ फूट उंच. ते घडवणारे कार्ल बार्टेल्स जन्माने जर्मन, इथे येऊन ब्रिटिश नागरिक झालेले, तरी पहिल्या महायुद्धात त्यांना पकडून कॅम्पात ठेवलं आणि नंतर जर्मनीला पाठवून दिलं. पक्षी मात्र शहराची खूण म्हणून मिरवतायत. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

मला या इमारतींपेक्षा त्यांच्या खालच्या जमिनीत जास्त रस होता. त्या ज्या जागेवर उभ्या आहेत ती १७७१ ची जॉर्जेस डॉक नावाची गोदी होती, ती लहान पडायला लागली तशी विसाव्या शतकाच्या तोंडावर बुजवली आणि त्यावर हे सगळं बांधलं. म्हणजे जुनं बुजवून नवं उभं करायचं हे या शहराला काही नवीन नाही, पुढचे सगळे दिवस हा विषय डोक्यात घोळत राहिला.

शनिवार

सकाळी पहिल्यांदा ओल्ड डॉक. तुम्ही म्हणाल तो दिसतो कुठे, तर शहराच्या मधल्या लिव्हरपूल वन नावाच्या मॉलमध्ये फरशीत एक गोल काच बसवली आहे, त्यातून खाली बघायचं. लोक शॉपिंगच्या पिशव्या घेऊन बाजूने जात होते आणि बाबा गुडघ्यावर बसून दोन्ही हात डोळ्यांशी धरून काचेत बघत होते. खाली मंद उजेडात विटांची भिंत दिसते, हाताने पाडलेल्या विटा, १७१५ सालच्या. व्यापारी जहाजांसाठीची ही जगातली पहिली बंदिस्त ओली गोदी, थॉमस स्टीअर्स नावाच्या इंजिनिअरने बांधलेली. गाइडबरोबर खाली उतरून बघायचीही सोय आहे, आम्हाला स्लॉट मिळाला नाही.

आता बंदिस्त गोदी म्हणजे काय आणि तिचं एवढं कौतुक का, हे समजून घ्यायचं तर मर्सी नदी बघायला पाहिजे. इथे भरती आणि ओहोटीतला फरक १० मीटरपर्यंत जातो. आपल्या मुंबईत मोठ्या उधाणाला सुद्धा साधारण ५ मीटर. म्हणजे इथे काठाला लावलेलं जहाज सहा तासांत तीन मजले खाली जाणार, चिखलात टेकणार, कलंडणार, आणि नदीत उभं ठेवून छोट्या होड्यांनी माल उतरवायचा तर दोन दोन आठवडे. स्टीअर्सने काय केलं, नदीला मिळणाऱ्या एका खाडीच्या तोंडाशी भिंती बांधून दरवाजा लावला, भरतीला दरवाजा उघडून जहाजं आत घ्यायची, मग बंद, आतलं पाणी आतच. दोन आठवड्यांचं काम दीड-दोन दिवसांवर आलं. तेवढ्यावर हे मासेमारीचं गाव पुढच्या शंभर वर्षांत साम्राज्याचं दुसरं शहर झालं. १८२६ ला ही गोदी बुजवली, वर कस्टम हाउस आलं, ते दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने गेलं, आणि २००१ ला खोदकामात भिंती परत सापडल्या. मॉल बांधणाऱ्यांनी त्या फोडल्या नाहीत, जपून वर फरशी टाकली आणि ही काच ठेवली. मला हे फार आवडलं, मनापासून.

तिथून पाच मिनिटांवर कॅनिंग डॉक आणि त्याला लागून जहाजं दुरुस्त करायच्या कोरड्या गोद्या, खोल दगडी पायऱ्यापायऱ्यांच्या. बघायला सुंदर. पण इथेच गुलामांच्या व्यापारातली जहाजं घासून पुसून पुढच्या फेरीसाठी तयार केली जायची. लिव्हरपूलच्या जहाजांनी सुमारे १५ लाख आफ्रिकन माणसं अटलांटिकपार नेली. मँचेस्टरचं कापड आणि बाकीचा माल घेऊन आफ्रिका, तिथून माणसं भरून वेस्ट इंडीज, अमेरिका, तिथून साखर, तंबाखू, कापूस घेऊन परत इथे. १८०७ ला ब्रिटनने हा व्यापार बंद केला पण गुलामांनी पिकवलेला अमेरिकेचा कापूस पुढची पन्नासहून जास्त वर्षं याच गोद्यांमध्ये उतरत राहिला. २००७ मध्ये इथे आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय सुरू केलं ते गोदीच्याच गोदामात. ते आणि सागरी संग्रहालय सध्या मोठ्या कामासाठी बंद आहेत, आम्हाला बाहेरूनच बघावं लागलं. जुन्या डॉक ट्रॅफिक ऑफिसला आता मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव दिलंय. बाबा त्या दारासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, ज्या कापसाची आपण नावं घेतो तो कोणी येचला हे कोणी इचारत नाई.

आणि मग अल्बर्ट डॉक. इथे आम्ही जवळपास उरलेला दिवस घालवला तरी कमी पडला.

फोटोत बघितलं असेल तर लाल विटांची पाच मजली गोदामं आणि मध्ये पाण्याचा चौकोन एवढंच दिसतं. प्रत्यक्षात जवळ गेल्यावर कळतं की ही गोदामं पाण्याच्या अगदी कडेला, थेट धक्क्यावर उभी आहेत, भिंत आणि पाणी यांच्यात जेमतेम एक ओटा. जहाज लागलं की याऱ्यांनी, म्हणजे क्रेननी माल उचलायचा आणि सरळ गोदामाच्या मजल्यावर घ्यायचा, मध्ये बैलगाडी नाही, हमालांची रांग नाही, चोरी नाही. आणि हे बॉण्डेड गोदाम, म्हणजे माल आत असेपर्यंत जकात भरायची नाही, बाहेर काढाल तेव्हा भरा. चहा, रेशीम, ब्रँडी, तंबाखू, साखर, हस्तिदंत, कापूस असला सगळा महागाचा माल इथे. १८४८ ला इथे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या बसवल्या, गोदामात असं जगात पहिल्यांदाच झालं. तळमजल्याला मधेमधे मोठ्या कमानी आहेत, त्या शोभेच्या नाहीत, यारीचा दांडा फिरायला जागा हवी म्हणून आहेत.

खालचे खांब ओतीव लोखंडाचे, शेंदरी-लाल रंगाचे, एवढे जाड की बाबांनी मिठी मारून बघितली तर हात अर्ध्यावरच राहिले. त्यांनी खांबावर बोटाने टकटक केलं, आतून पोकळ. मग वर छताकडे बघितलं, विटांच्या चपट्या कमानी, त्यांना धरून लोखंडी तुळया, फरशी दगडाची. मग एकदम म्हणाले, "पोरी, इथं लाकूडच नाई कुठं."

नेमकं तेच तर या इमारतीचं मोठेपण आहे. जेसी हार्टली नावाचा माणूस, मूळचा यॉर्कशायरचा गवंडी, १८२४ ला लिव्हरपूलच्या गोद्यांचा इंजिनिअर झाला आणि १८६० ला मरेपर्यंत त्याच कामावर होता. तेव्हा लिव्हरपूलची गोदामं सारखी जळायची, लाकडी तुळया, लाकडी जमिनी, आत कापूस आणि दारू. हार्टलीने ठरवलं की जळेल असं काही वापरायचंच नाही. त्याने आधी १८ बाय १० फुटांची एक नमुना खोली बांधली, आत लाकूड आणि डांबर भरलं आणि पेटवून दिलं, टिकते का बघायला. ती टिकली. मग ओतीव लोखंड, वीट आणि दगड एवढ्यावर हे सगळं उभं केलं, छप्परसुद्धा लोखंडी पत्र्यांचं, रिव्हेट मारून जोडलेलं. ३० जुलै १८४६ ला प्रिन्स अल्बर्टने उद्घाटन केलं. गोदामाच्या इमारतीत भार पेलायला अजिबात लाकूड नाही असं ब्रिटनमध्ये हे पहिलंच.

बाबांना हे ऐकून जो आनंद झाला तो मला सांगता येणार नाही. जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला आगीचं भय काय असतं ते मी लहानपणापासून बघितलंय, एप्रिल-मे मध्ये रात्री-बेरात्री कोणी हाक मारली की बाबा आधी खिडकीतून फॅक्टरीच्या दिशेला बघायचे. त्यांनी मला तिथे बाकावर बसून सांगितलं, "कापूस पेटला का वरून विझल्यावानी दिसते, पण गाठीच्या आतून धुमसतच राह्यते, दोन दोन दिवस. पाणी मारून फायदा नाई, गाठ फोडा लागते." आणि मग, "या हार्टलीले कोणीतरी जिनिंगवाला भेटला असन."

एवढं मजबूत बांधलं पण धंद्याला ते वीस वर्षांतच लहान पडायला लागलं. शिडाची जहाजं जाऊन आगबोटी आल्या, त्या या दरवाजांतून आत मावेनात. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने वापरलं, मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात मार बसला, आणि कंटेनर आल्यावर सगळं काम उत्तरेला सीफोर्थला गेलं, १९७२ ला दक्षिणेकडच्या गोद्या बंदच झाल्या. दरवाजे उघडे राहिले, भरतीबरोबर मर्सीचा गाळ आत येऊन साचत गेला, सगळा चिखल. एका डेव्हलपरला गोदामं पाडून टॉवर बांधायचे होते, कोणी म्हणे भर घालून टाका. शहरच ओसरत होतं, १९३१ ला साडेआठ लाख वस्ती होती ती २००१ ला साडेचार लाखांच्या आत आली. जुलै १९८१ ला टॉक्स्टेथ भागात दंगली झाल्या तेव्हा सरकारमधले एक मोठे मंत्री जेफ्री हाउ यांनी, या शहराला हळूहळू विझू द्यावं का, असा विचार पंतप्रधानांपुढे खासगीत मांडला होता, ते कागद ३० वर्षांनी खुले झाले. दुसरे एक मंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी उलट बाजू लावून धरली आणि मर्सीसाइड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या पैशांनी गाळ उपसला, दरवाजे दुरुस्त केले, पाणी परत भरलं. १९८४ पासून भाग उघडायला लागले, १९८८ ला टेट ही कलादालनाची शाखा आली.

माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही की त्यांनी पाणी परत आणलं. गोदामं ठेवून मध्ये पार्किंग केलं असतं तर पैसे वाचले असते, आणि बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. पाणी आहे म्हणून कमानीचा अर्थ लागतो, जहाजं बांधायच्या खुंट्यांचा अर्थ लागतो. दुकानं-रेस्टॉरंटं जरा जास्तच झालीत, टेट २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद, म्हणजे सध्या खाणं-पिणंच पुढे दिसतं, ते मला खटकलं. पण कोणीही, तिकीट न काढता, कडेकडेने पाण्याला लागून अख्खी फेरी मारू शकतं.

दुपारी इथलं स्काउस खाल्लं, खलाशांच्या जेवणातून आलेला बटाटा-मटणाचा रस्सा, आम्ही अर्थात बिनमटणाचा मागितला, त्याला इथे ब्लाइंड स्काउस म्हणतात, बरोबर बीटाचं लोणचं. बाबांनी त्यात तिळाची चटणी घातली आणि मग आवडलं म्हणाले.

संध्याकाळी दक्षिणेला वॅपिंग डॉकपर्यंत चालत गेलो. हार्टलीचंच १८५६ चं लांबलचक गोदाम, आता आत फ्लॅट आहेत, बाल्कन्यांत कुंड्या, सायकली. त्याच्या एका टोकाला काही लोखंडी खांब नुसतेच उभे आहेत, वर काही नाही. युद्धात गोदामाचा तेवढा भाग गेला आणि खांब तसेच ठेवलेत.

रविवार

आज फेरीबोट. मर्सीवरची ही फेरी आठशे वर्षांपेक्षा जुनी, बाराव्या शतकात पलीकडच्या बर्कनहेडच्या मठातले साधू लोकांना होडीने पार करायचे आणि १३३० ला राजाने त्यांना रीतसर हक्क दिला. आता प्रवासी कमी, आमच्यासारखे टूरिस्ट जास्त, स्पीकरवर माहिती चालू असते. नदी करड्या-तपकिरी रंगाची, वेग प्रचंड, बोट तिरकी तिरकी काढावी लागते.

डेकवरून समोर बर्कनहेडच्या गोद्या दिसायला लागल्या तेव्हा मी बाबांना एक गोष्ट सांगितली जी मी मुद्दाम इथे येईपर्यंत ठेवली होती. १९४४ च्या फेब्रुवारीत याच बर्कनहेडहून एक जहाज निघालं, फोर्ट स्टिकाइन. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, विमानं आणि सोन्याच्या विटा. कराचीला थोडा माल उतरवून तिथे कापसाच्या हजारो गाठी भरल्या. स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात. एप्रिलमध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकला लागलं आणि १४ एप्रिलच्या दुपारी गाठींमधून धूर यायला लागला.

पुढचं बाबांना माहीत होतं, आपल्याकडच्या त्या पिढीला मुंबईचा स्फोट माहीतच असतो, पण ते जहाज इथून निघालं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. ८०० च्या वर माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान, त्यांच्यासाठी आपण अजून १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गोदीचा गाळ काढताना सापडत राहिल्या. बाबा कठड्याला धरून उभे होते, म्हणाले, "बारुद आणि रुई शेजारी ठेवली? कोणी सही केली असन त्याच्यावर?" वारा एवढा होता की त्यांना ते दोनदा ओरडून म्हणावं लागलं. लिव्हरपूलने स्वतःही हे भोगलं होतं, ३ मे १९४१ च्या रात्री हस्किसन डॉकमध्ये मालाकंड नावाचं जहाज हजारावर टन दारूगोळ्यासकट पेटलं आणि उडालं, ती गोदीच त्यात गेली. तीन वर्षांत तीच चूक मुंबईत.

दुपारी लिव्हरपूल म्युझियम, २०११ ला धक्क्यावरच बांधलेलं, प्रवेश फुकट. इमारत बाहेरून मला आवडली नाही, थ्री ग्रेसेसच्या शेजारी ती जरा उपरीच वाटते. पण आत उन्नत रेल्वेचा एक अस्सल डबा ठेवलाय, तो बघायला तरी जाच. लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे, १८९३ ला सुरू, विजेवर चालणारी जगातली पहिली उन्नत रेल्वे, गोद्यांच्या कडेने सुमारे १० किलोमीटर. गोदी कामगार पावसात तिच्या खालून चालत कामाला जायचे म्हणून तिला कामगारांची छत्री म्हणायचे. १९५६ ला गंजली म्हणून बंद केली आणि पाडून भंगारात घातली. आज ती असती तर, असं तिथला प्रत्येक म्हातारा म्हणत असणार. डब्यात लाकडी बाकं आहेत, बसू देतात, बाबा बसले आणि मला बाजूला बसवलं.

तिथेच स्थलांतराचीही माहिती आहे. १८३० ते १९३० या शंभर वर्षांत या बंदरातून सुमारे ९० लाख लोक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले. आपल्याकडचे लस्कर, म्हणजे हिंदुस्थानी खलाशीही आगबोटींच्या भट्ट्यांवर कोळसा घालत इथे यायचे, गोऱ्या खलाशांपेक्षा बऱ्याच कमी पगारावर.

संध्याकाळी हॉटेलवर बाबांनी मला मुंबईचं विचारलं, आपल्या त्या गोद्यांचं आता काय. मी सांगितलं ते तुम्हालाही माहीत असेल. न्हावा शेवा १९८९ ला सुरू झालं तसा माल तिकडे गेला. जिथे फोर्ट स्टिकाइन उडालं तो व्हिक्टोरिया डॉक आणि शेजारचा प्रिन्सेस डॉक कंटेनरसाठी म्हणून बुजवले. २०१४ ला पूर्व किनाऱ्याच्या जमिनीसाठी समिती झाली, प्लॅन झाले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो बोट जाते, ससून डॉकच्या जुन्या गोदामात २०१७ ला कलाप्रदर्शन भरलं तेव्हा लोकांनी रांगा लावल्या, आणि बाजूला कोळी बायका रोजच्यासारख्या कोळंबी सोलत होत्या, तेच मला सगळ्यात भारी वाटलेलं. पण कुलाब्यापासून शिवडीपर्यंत पाण्याला लागून चालत जाता येतं का, तर नाही, भिंत आणि गेट. मुंबईत जन्मलेल्या माणसाला स्वतःचं बंदर लोकलच्या खिडकीतूनही धड दिसत नाही, याचा मला राग येतो, इथे आल्यावर जास्तच आला.

सोमवार

उत्तरेच्या गोद्या. इकडे टूरिस्ट फारसे येत नाहीत, आणि मला विचाराल तर खरं लिव्हरपूल इकडे आहे. प्रिन्सेस डॉक (इथेही त्याच नावाचा एक आहे) मागे टाकून रीजंट रोडला लागलं की डाव्या हाताला हार्टलीची ग्रॅनाइटची भिंत सुरू होते, दोन-अडीच पुरुष उंच. जवळ जाऊन बघा, मोठमोठे वेडेवाकडे दगड आणि त्यांच्या मधल्या फटींत नेमके घडवलेले छोटे दगड, इतके घट्ट की बाबांनी खिशातलं नाणं घालून बघितलं, जात नव्हतं. रस्त्याला तेव्हाचे रूळ अजून दगडात रुतलेले आहेत.

स्टॅन्ले डॉकला पोचलो आणि दोघंही गप्प झालो. एका बाजूला १९०१ चं तंबाखूचं गोदाम, १४ मजले, २ कोटी ७० लाख विटा, विटांचं हे जगातलं सगळ्यात मोठं गोदाम मानतात. आतल्या मजल्यांची उंची मात्र जेमतेम सात फूट, कारण तंबाखूची पिंपं एकावर एक रचत नाहीत, मग उंची वाया कशाला घालवायची. त्यामुळेच हे गोदाम रिकामं झाल्यावर कित्येक वर्षं कोणाला त्याचं काय करावं कळत नव्हतं, एवढ्या ठेंगण्या आणि मधोमध अंधाऱ्या जागेत राहणार कोण. शेवटी त्यांनी आतला गाभा काढून मध्ये चौक मोकळा केला, उजेड आत आणला आणि आता फ्लॅट केलेत. समोरच्या जुन्या गोदामात २०१४ पासून हॉटेल आहे, आम्ही फक्त चहा प्यायलो, पण लोखंडी खांब आणि विटांच्या कमानी तशाच ठेवल्यात. इथेच लीड्सवरून येणारा कालवा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरून गोदीला मिळतो.

अजून थोडं पुढे ब्रॅमली-मूर डॉक, १८४८ चा, म्हणजे होता. समुद्रातून उपसलेली वाळू घालून तो बुजवला आणि त्यावर एव्हर्टन फुटबॉल क्लबचं जवळपास ५३ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम झालं, २०२५ च्या ऑगस्टपासून तिथे सामने सुरू झालेत. या स्टेडियममुळे आणि आसपासच्या टॉवरच्या प्लॅनमुळे युनेस्कोने जुलै २०२१ मध्ये लिव्हरपूलचं नाव जागतिक वारसा यादीतून काढलं. २००४ ला मिळालेला मान गेला. ओमानमधलं एक अभयारण्य आणि जर्मनीतलं ड्रेस्डेन यांच्यानंतर असं झालेलं जगातलं हे तिसरंच ठिकाण.

यावर मी बरंच वाचून गेले होते आणि युनेस्कोच्याच बाजूने गेले होते. अजूनही मला वाटतं की गोदी बुजवायला नको होती, पाणी गेलं की गेलं, ते परत येत नाही. पण तिथे उभं राहिल्यावर दुसरी बाजूही दिसते, वर्षानुवर्षं या भिंतीच्या आत बाहेरचं कोणी सहज पाऊल टाकू शकत नव्हतं, आसपासची वस्ती लिव्हरपूलमधल्या सगळ्यात गरीब वस्त्यांपैकी, आणि आता मॅचच्या दिवशी हजारो माणसं नदीपर्यंत जातात. पाण्याच्या दाबावर गोदीची यंत्रं चालवणारा जुना मनोरा त्यांनी जपलाय, जुने रूळ ठेवलेत. गेटवर एक वयस्क सिक्युरिटीवाले काका होते, त्यांचे वडील गोदीत कामाला होते म्हणे. बाबांनी मला मध्ये घालून त्यांना विचारलं की तुमच्या वडिलांना हे आवडलं असतं का. ते म्हणाले वडील लाल संघाचे, म्हणजे एव्हर्टनच्या विरोधातल्या लिव्हरपूल क्लबचे होते, त्यांना अजिबात आवडलं नसतं, आणि मग म्हणाले, पण माझा नातू इथे कामाला लागलाय.

परतीच्या ट्रेनआधी ओल्ड हॉल स्ट्रीटवर कॉटन एक्स्चेंज. १९०६ ची भव्य इमारत, पण तिचं पुढचं अंग १९६७ ला पाडून तिथे एक सपाट ऑफिस बांधलंय. वरचा मर्सी नदीचा दगडी पुतळा तेवढा फुटपाथवर आणून ठेवलाय, दाढीवाला म्हातारा, आता माणसांच्या उंचीला. इथले दलाल आधी टाउन हॉलमागच्या चौकात उघड्यावर सौदे करायचे. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि सगळे हिंदुस्थानकडे वळले. १८६२ ला ब्रिटनमध्ये आलेल्या कापसातला बहुतांश आपला होता. इथल्या भावाच्या पत्रकात उमरावती आणि हिंगणघाट ही नावं रोज छापली जायची. आखूड धाग्याचा, कचरा असलेला म्हणून इथले कामगार आपल्या कापसाला शिव्या घालायचे, आणि मुंबईत मात्र पैशांचा पूर आला, १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळून सगळं बुडालं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातात त्यातलं किती राहिलं ते १८९९-१९०० च्या दुष्काळात दिसलं, कापूस पिकवणारा मुलूख ज्वारीवाचून मेला.

बाबांनी पुतळ्यासमोर फोटो काढून घेतला आणि लगेच अकोल्याच्या त्यांच्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "उमरावतीचा भाव इथून निघे". दहा मिनिटांत एकाचा फोन आला, आज काय भाव चालूय तिथं. बाबांनी त्याला सगळं समजावलं की बाजार आता इथे भरत नाही, पण १८४१ ला दलालांनी काढलेली संघटना आजही लिव्हरपूलमध्येच आहे आणि जगातल्या कापसाचे बहुतेक परदेशी सौदे अजून तिच्याच नियमांवर होतात, भांडण झालं तर लवादही तीच नेमते. आमच्या फॅक्टरीच्या काँट्रॅक्टवर लिव्हरपूल रूल्स असं लिहिलेलं असायचं, आठवते का, असं ते फोनवर मोठमोठ्याने विचारत होते आणि पलीकडून हाव हाव ऐकू येत होतं.

कोणी जाणार असेल तर थोडी माहिती. गोद्यांमधून फिरायला कुठेच तिकीट नाही, फेरीला आहे. ओल्ड डॉकची टूर आधीच बुक करा. सागरी आणि गुलामगिरी संग्रहालय आणि टेट परत उघडलेत का ते बघून मगच तारीख ठरवा, जमलं तर थांबा त्यांच्यासाठी. उत्तरेच्या गोद्यांना चालतच जा, बसमधून ती भिंत कळत नाही. आणि एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला पिअर हेडवर जाऊन उभे राहा, स्टीअर्सने दरवाजा का लावला ते कोणी न सांगता कळतं.